चार कोपऱ्यांचं पुस्तक

तपासणी केंद्रातल्या मावशीला कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर तिने वळूनही पाहिलं नसतं. डॉक्टर मावशी म्हणत, मुलांचे आईबाप मावशी म्हणत, पाण्याची टाकी धुवायला येणारा म्हाताराही मावशीच म्हणे, आणि तो तर तिच्याहून कितीतरी मोठा. "अरे, मी तुझी मावशी असते तर केव्हाच वर गेले असते," असं ती त्याला दर वेळी सुनवायची आणि तो दर वेळी नव्याने हसायचा.

तिचं काम काय, तर मुलाला हाताला धरून चाचणीच्या खोलीत न्यायचं, खुर्चीवर बसवायचं, आणि चाचणी संपेपर्यंत मागे स्टुलावर बसून त्याच्या खांद्यांवर हात ठेवायचे. हलके. दाबले की मूल बिथरतं, सोडले की टेबलाखाली घुसतं. हे तिच्या हातांना बरोबर जमलं होतं. शिवाय झाडणं, पुसणं, कुणी घाबरून खुर्ची ओली केली तर ती धुणं. त्याबद्दल ती मुलांना कधी बोलली नाही, आईबापांना मात्र बोलायची. "सकाळी आणायच्या आधी नेता येत नाही का मोरीवर? मोठे आले परीक्षेला!"

केंद्रात यायची ती डोळ्यांनी अधू मुलं, नाहीतर ज्यांना बोलणं साधत नाही, शब्द समजत नाही अशी. काही बिचारी दोन्हीकडून मारलेली. त्यांची समज मोजायची आणि कुणी कुठे जायचं ते ठरवायचं. मोजायची कशाने? चित्रांच्या पुस्तकाने! आता बोला. ज्याला दिसत नाही त्याला म्हणायचं, चित्र बघ. ज्याला शब्द कळत नाही त्याला म्हणायचं, मी काय म्हणते ते ऐक. असल्या परीक्षेपुढे कुणी कपाळावर हात मारेल नाहीतर काय करेल! पण ते पुस्तक वरून ठरून आलेलं, आणि वरून आलं की खालच्यांनी मान हलवायची.

पुस्तकाच्या प्रत्येक पानावर चार चित्रं, चार कोपऱ्यांत. चाचणी घेणाऱ्या मॅडम विचारायच्या, "छत्री कुठे?" मुलाने छत्रीवर बोट ठेवायचं. पान उलटायचं. ओळीने आठ चुका झाल्या की पुस्तक बंद. मग मॅडम गुण लिहायच्या आणि कागद टेबलावरच्या तीनपैकी एका ट्रेमध्ये टाकायच्या. पहिल्या ट्रेतली मुलं साध्या शाळेत. मधल्या ट्रेतली खास शाळेत. आणि तिसऱ्या ट्रेतल्यांच्या कागदावर लिहिलेलं असे, 'शिकवण्यायोग्य नाही'. ती मुलं आश्रयगृहात जायची किंवा जन्मभर घरात बसायची.

मॅडम काही वाईट नव्हत्या. हाताने चाचपून घ्यायच्या वस्तूंची पेटी मिळावी म्हणून त्यांनी वर कितीदा तरी कळवलं होतं. वरच्यांचं उत्तर यायचं की नवं पुस्तक छापलं जातंय. पुढेपुढे त्यांनीही सांगणं सोडून दिलं होतं.

इतकी वर्षं मुलांच्या खांद्यांवरून पाहून पाहून मावशीला ते पुस्तक तोंडपाठ, खरं म्हणजे बोटपाठ, झालं होतं. पहिलं पान, वर उजवीकडे. दुसरं, खाली डावीकडे. तिसरं, पुन्हा खाली डावीकडे. आणि एकदा कधीतरी, एका बाईचं रडणं बघवलं नाही म्हणून, मावशीने बाहेरच्या बाकावर तिच्या मुलाच्या बुटाची नाडी बांधता बांधता पहिले दहा-बारा कोपरे तिच्या कानात सांगितले. थोडंफार दिसणारं मूल होतं ते, घरी चार दिवस घोटवून घेतलं असणार. कागद मधल्या ट्रेत पडला. त्यानंतर मावशी अधूनमधून सांगत गेली. कुणाकडून कपभर चहासुद्धा घेतला नाही. कुंपणच शेत खात होतं म्हणा हवं तर, पण त्या शेतात तसंही पिकत काय होतं!

मात्र तिचं एक माप होतं. दहा-बारा कोपरे, त्याच्या वर एकही नाही. "मिठासारखं आहे ते," ती म्हणायची. कमी पडलं तर तिसरा ट्रे. जास्त झालं तर पहिला, म्हणजे साध्या शाळेतला शेवटचा बाक, जिथे मुलाला ना फळा दिसणार ना बाई कळणार. बेताचं पडलं तरच मधला ट्रे. तिचा हात कधी चुकला नव्हता.

आणि मग तिच्या नातीची, ठकूची, पाळी आली.

ठकूला उजेड कळायचा, समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं, बस्स. कान शाबूत. दाराची कडी वाजली की मान वळायची. पण शब्द म्हणजे तिच्या लेखी नुसता आवाज. ये म्हणा, जा म्हणा, रागवा, लाड करा, तिला सुराशिवाय काही पोचत नसे. मावशीचा लेक कामासाठी दूरच्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. घरी उरल्या दोघी, मावशी आणि सून. सून कापडाच्या कारखान्यात बटणं लावायची. दोघी कामावर गेल्या की पोरीला बघणार कोण? शेजारणीने काही दिवस बघितलं, पण एकदा तिचा डोळा लागला आणि ठकू रस्त्यात जाऊन हातगाडीखाली आली. कपाळावर खोक पडली. त्यानंतर मावशी रोज सकाळी जुन्या चादरीची एक लांब पट्टी ठकूच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. गाठ तीच मारायची, कारण सुनेच्या हातून ती आवळली जात नसे. मोरीपर्यंत पोचेल आणि दारापर्यंत पोचणार नाही, एवढी लांब पट्टी. कामावर जाताना मावशी मागे वळून बघत नसे. बघितलं तर पाय निघायचा नाही.

एकदा साध्या शाळेत घालून पाहिलं होतं. आठवड्यातच शाळेने परत पाठवलं. "आजी, ही इथे नुसती भिंतीला डोकं घासत बसते," तिथल्या बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

खास शाळा मात्र मावशीने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. केंद्रातलं एक मूल पोचवायला ती तिथे गेली होती. भिंतीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला एकेक वस्तू. कुणाची किल्ली, कुणाचा ब्रश, कुणाचं जुनं मनगटी घड्याळ. मूल चाचपायचं, आपली वस्तू सापडली की तिथेच दप्तर अडकवायचं. पुढे एका फळीवर खोके ओळीने मांडलेले. पहिल्यात टॉवेल, म्हणजे आता हात धुवायचे. दुसऱ्यात चमचा, म्हणजे जेवण. तिसऱ्यात चेंडू. न बघता, न ऐकता, मुलांना सगळा दिवस हातात धरता यायचा. मावशी तिथे दारात उभी राहून ढसाढसा रडली. तिथल्या शिपायाने पाणी आणून दिलं, त्याला वाटलं हिला चक्कर आली. ठकूच्या चाचणीच्या वर्षी त्या शाळेत एक जागा रिकामी होणार होती. ठकूसाठी मावशीला तेवढीच हवी होती. किल्ली नको, घड्याळ नको, एक खुंटी.

तिने घरातलं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं. जाड, गुळगुळीत पानांचं, उलटलं की फडफडणारं, आणि पानं संपली की पुन्हा पहिल्यापासून उलटता येईल असं. ते ठकूच्या मांडीवर ठेवलं, तिचा हात धरला, कडा चाचपायला लावल्या, आणि बोट नेलं वर उजवीकडे. लगेच तोंडात एक आंबटगोड गोळी आणि पाठीवर थाप. फडफड. बोट खाली डावीकडे. गोळी, थाप. सुरुवातीला पोरीने कॅलेंडर भिरकावलं, चावली, गोळ्या थुंकल्या. मावशीने सोडलं नाही. आणि एका रविवारी दुपारी मावशीने नुसतं पान उलटलं, तर ठकूचं बोट आपलं आपण उठलं आणि बरोबर कोपऱ्यावर जाऊन टेकलं. पुढचं पान उलटलं. पुन्हा बरोबर.

मावशीने किंचाळून सुनेला हाक मारली. "अगं ये, ये लवकर! शिकतेय गं! पोरगी शिकतेय!"

आता कुणी म्हणेल, दहा-बारा कोपऱ्यांवर थांबायचं होतं. अहो, ते तुम्ही-आम्ही म्हणायचं. ज्या पोरीला सगळ्या वस्तीने वेडी म्हणून हाक मारली, जिने उभ्या आयुष्यात एक गोष्ट शिकून दाखवली नाही, ती मांडीवर बसून पानामागून पान बिनचूक सांगतेय, तर कुठल्या आजीचा हात थांबेल? मावशीचा थांबला नाही. ती रोज संध्याकाळी पुढची चार पानं द्यायची आणि ठकू ती गिळायची. बोट टेकवून तळहात पुढे करायची, थाप पडली की गोळी तोंडात टाकायची. थापेआधी कधीच नाही. त्या घरात हसणं ऐकू यायला लागलं होतं.

"आई, पुरे आता," सून म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, मीठ बेताचं."

"थांबवीन गं. परीक्षेच्या आधी थांबवीन."

पण थांबवायचं कसं? बाराव्या पानाला कॅलेंडर काढून घेतलं की ठकू आकांत मांडायची. गोळी नाही दिली तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायची, तिला वाटायचं आपलंच काही चुकलं. 'इथपर्यंत सांग, पुढचं मुद्दाम चुकव' हे ज्या पोरीला 'ये' आणि 'जा' कळत नाही, तिला कुठल्या तोंडाने सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी, असं लोक म्हणतात. इथे घडा सुलटा होता आणि काठोकाठ भरला होता, आणि आता तो रिता करायची सोय नव्हती.

चाचणीच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मावशी, खरं तर तुम्ही बाहेर बसायला हवं. पण दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ही टिकायची नाही. बसा. तोंड मात्र उघडायचं नाही."

"नाही उघडत, मॅडम."

मावशीने खांद्यांवर हात ठेवले. मनात म्हणत होती, देवा, दमू दे रे हिला, कंटाळू दे, बाराव्या पानानंतर झोप येऊ दे. ठकूने पुस्तकाच्या कडा चाचपल्या, मान खिडकीकडे वळवली आणि कामाला लागली. "छत्री कुठे?" बोट छत्रीवर. "शिडी कुठे?" बोट शिडीवर. मॅडम हळूहळू पुढे वाकल्या. कठीण कठीण शब्द आले, शहाण्या मुलांचीही भंबेरी उडवणारे, आणि ठकूचं बोट त्यांच्यावरही अचूक पडलं. शेवटचं पान झालं तेव्हा मॅडमनी टाळी वाजवली. केंद्रात कुणालाच कधी एवढे गुण पडले नव्हते. ठकूने तळहात पुढे केला आणि मावशीने खिशातली गोळी दिली, पाठीवर थापही दिली. अति तिथे माती, दुसरं काय.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी मावशीला बोलावलं. ते हसत होते. "मावशी, पेढे द्या! तुमच्या नातीला काही झालेलं नाही. डोळ्यांच्या तपासणीचा कागद चुकलेला दिसतो. ती कडेने बघते, मॅडमनी लिहिलंय तसं. आणि शब्द तर तिला माझ्याहून जास्त कळतात. बोलत नाही ती हट्टाने. लाडावून ठेवलीय तुम्ही. साध्या शाळेत घाला, सरळ होईल."

"पण साहेब, खास शाळेतली जागा..."

"ती गरजू मुलांसाठी आहे, मावशी. दुसऱ्याच्या ताटातलं कशाला ओढायचं?"

मावशी बाहेर येऊन पायरीवर बसली. टाकी धुणारा म्हातारा म्हणाला, "काय मावशी, ऐकलं नात पहिली आली!" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बादली घेऊन निघूनच गेला.

त्या दिवशी घरी गेल्यावर सुनेने एकच विचारलं, "म्हणजे उद्या पुन्हा पट्टी?" मावशीने ताट पुढे ढकललं, घास घेतला नाही. सांगून टाकावं, तर नोकरी जाईल. गेली तर जाऊ दे. पण त्या खुंट्यांना आपली दप्तरं अडकवणारी बाकीची पोरं? त्यांचेही कागद उकरून काढले तर? स्वतःच्या नातीसाठी दुसऱ्यांच्या घरातला दिवा विझवायचा का? सकाळपर्यंत तिने ठरवलं, सांगायचं, पण ठकूपुरतंच.

सकाळी मॅडम एकट्या असताना तिने दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. कॅलेंडर, कोपरे, गोळ्या. मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"आणि बाकीची मुलं, मावशी?"

मावशी खाली मान घालून उभी राहिली. मॅडमनी खिडकी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "जाऊ दे. मी विचारलंच नाही असं समजा." थोड्या वेळाने त्यांनी कपाटातून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं. "हे नवं आलंय. चित्रं वेगळी, क्रम वेगळा. तुम्ही मला काही बोलला नाहीत. मी डॉक्टरांना सांगते की पहिली चाचणी माझ्या हातून बिघडली. हिची पुन्हा घेऊ."

"मॅडम, हिला वस्तू द्या ना हातात. चमचा द्या, कंगवा द्या. बघा ती काय करते ते."

"मला कळतं हो. पण गुण कशाचे लिहू? कागदावर या पुस्तकाचेच आकडे चालतात." त्यांचा आवाज घसरला. "आणि मावशी, ही शेवटची. पुन्हा पुन्हा बिघडली म्हणता येणार नाही मला. पाच जरी गुण पडले, तरी मधल्या ट्रेत टाकते. फक्त पाच."

चाचणीला आठवडा होता. मावशीने कॅलेंडर फाडलं, चुलीत घातलं. ठकूने दोन दिवस घरभर चाचपून ते शोधलं. मिळालं नाही तेव्हा तिने सुनेच्या कारखान्यातून आलेला एक पुठ्ठा ओढून काढला, मावशीच्या मांडीवर ठेवला, आणि बोट टेकवलं. वर उजवीकडे. मग तळहात पुढे. मावशीने हात मागे घेतला. ठकू थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करून दाखवू लागली, अधिक मन लावून. "नाही गं राणी, हे नाही, विसर आता, विसर," मावशी म्हणत राहिली. तिच्याशी बोलून काय उपयोग होता! सून भिंतीकडे तोंड करून रडत होती.

नव्या पुस्तकाच्या दिवशीही मावशी मागे स्टुलावर होती. ठकूने कडा चाचपल्या आणि तिचा चेहरा उजळला. सापडलं होतं तिला हरवलेलं.

"कुलूप कुठे?" मॅडमनी विचारलं. बोट वर उजवीकडे गेलं. तिथे झाड होतं. पुढचं पान, खाली डावीकडे. चूक. तिसरं पान, पुन्हा खाली डावीकडे, आणि तिथे नेमकी होडीच होती, मॅडमनी विचारलेली. मावशी मनात म्हणू लागली, देवा, अशीच आणखी चार-दोन लागू देत. तुझ्यापुढे हात जोडते, नशिबाने लागू देत, पण लागू देत. पाचवंही लागलं. मॅडम प्रत्येक शब्द हळू म्हणत होत्या, पान उलटण्याआधी थांबत होत्या, जणू थांबल्याने काही होणार होतं. मग एक चुकलं. मग दुसरं. मग चुकतच गेलं. ठकूचं बोट जुन्या पुस्तकातले कोपरे एकामागून एक दाखवत होतं, जराही न डगमगता. मावशीला त्यातला प्रत्येक कोपरा ओळखीचा होता. हे छत्रीनंतरचं. हे शिडीनंतरचं. पोरीचं एकही चुकत नव्हतं.

ओळीने आठ झाल्या. मॅडमनी पुस्तक मिटलं.

पुढचं पान फडफडलं नाही म्हणून ठकूने स्वतःच हात पुढे केला, पुस्तक उघडलं, पान उलटलं, बोट टेकवलं. पुन्हा उलटलं, टेकवलं. मॅडम म्हणाल्या, "बस, बाळा, बस." त्यांनी कागद जवळ ओढला, लिहिला, आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला. शेवटी तो तिसऱ्या ट्रेमध्ये ठेवला, हळूच, आवाज न करता. मावशीने तो ठेवताना पाहिला. उद्या सकाळी पट्टी, परवा सकाळी पट्टी, आणि आपले हात थकले की मग आश्रयगृह. तिला सगळं दिसलं, आणि तिच्या हातांनी ठकूचे खांदे आवळले. आयुष्यात पहिल्यांदा दाबले गेले ते कुणाच्या खांद्यांवर.

ठकू बिथरली नाही. ती शेवटच्या पानापर्यंत पोचली, मागे वळली, आणि तिने तळहात पुढे केला.

मावशीने खिशातली गोळी काढून त्यावर ठेवली. ठकूने मूठ मिटली, पण गोळी तोंडात टाकली नाही. मान जराशी कलती करून ती वाट बघत राहिली, आणि मग मावशीने तिच्या पाठीवर थाप दिली.